नरसूच्या पोथीतलं मीठ

माझा आवाज चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोरठाणात दुसरं कोणी ते सांगणार नाही. चोपन्न सालापासून मी गावच्या मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी वाचत आलो. खड्या आवाजात, चालीवर, एकही अक्षर न गिळता. आणि माझ्या ओव्या चालू असताना माणसं जांभया देत, तंबाखू मळत, पोरांना बाहेर नेऊन आणत. मी ओवी संपवून पोथीवर हात ठेवला की मात्र सगळी सावरून बसत. कारण आता झुंबरबाई बोलणार असे.

त्या झुंबरबाईची ही हकीकत. मी राधाकृष्ण मास्तर, गावच्या शाळेचा. मला अक्षरं येत होती, तिला एकही येत नव्हतं. तरी पोथी तिची आणि आवाज माझा, अशी वाटणी गावानं परस्पर करून टाकली होती. याचा मला राग होता. थोडासा अजूनही आहे.

आमची पोथी दुसऱ्या कुठल्या गावात सापडायची नाही. निजामशाही बुडायला लागली होती त्या काळात गावामागच्या टेकाडावर एक गढी होती. तिला कुणीतरी वेढा घातला. आत अडकलेल्या नरसू नावाच्या शिपायानं त्या वेढ्याची कहाणी ओव्यांत लिहून ठेवली. गढीचं आता मातीचं ढिगाड झालंय, शेरडं चरतात तिथं. नरसूची पोथी तेवढी उरली. आणि साडेतीनशे वर्षांची वस्तू लाल फडक्यात बांधून देवळात ठेवली की तिला आपोआप हळदकुंकू लागतं. श्रावणात पाच संध्याकाळी तिचं वाचन आणि पाचव्या संध्याकाळी आरती करून भंडारा, ही गावाची रीत.

वाचायला एक माणूस आणि अर्थ सांगायला एक. अर्थ सांगणाऱ्याला पाटावर चौघडी घोंगडी घालून बसवायचं. तिला ‘गादी’ म्हणायचं. अर्थ सांगून झाला की ऐकणाऱ्यांतल्या कुणीही विचारायचं, “आन् आज?” म्हणजे हे तेव्हाचं झालं, आजच्या दिवसाला यात काय आहे ते सांगा. गादीवरच्यानं गावातला ताजा दाखला द्यायचा. दाखला पटल्याशिवाय पुढची ओवी वाचायची नाही, असा दंडक. एका वर्षी एका ओवीला दाखला पटेना म्हणून मी तोंड उघडं ठेवून पाऊण तास बसलो होतो.

गादी आधी झुंबरबाईच्या सासऱ्याकडे होती. माझ्या दुसऱ्याच वर्षी म्हातारा अडकला. वेढ्यात गढीचा नाईक पहारेकऱ्याला विचारतो, ‘जागा आहेस का?’ आणि पहारेकरी झोपेतच ‘होय’ म्हणतो, अशी ओवी आहे. म्हाताऱ्यानं अर्थ सांगितला. “आन् आज?” झालं. म्हातारा नुसता डोळे मिचकावत बसला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खांबामागून आवाज आला, “आज आपला तलाठी हाय की. हापिसात हायेत का इचारलं तर आतूनच म्हनतो, न्हाई.”

देऊळ हसून हसून आडवं झालं. म्हातारा पाटावरून उठला आणि म्हणाला, “सूनबाई, इकडं ये.” तेव्हापासून ती गादीवर.

दिसायला चार फूट आणि थोडी बोटं. नवरा लवकर गेलेला. चार शेळ्या, कोरडवाहू तुकडा आणि भीमा नावाचा एकुलता मुलगा, एवढा संसार. भीमा मात्र दाराच्या चौकटीत मावायचा नाही. बोरठाणात म्हणत, झुंबरबाईनं पोरगा जन्माला घातला का आणवला?

अर्थ लावायची तिची एक पद्धत होती. ती म्हणायची, “पोथी वाचायच्या आदी पोथीवाल्याचं पोट वाचावं. त्यानं हे लिव्हलं तवा त्यो कुटं बसला हुता? काय खाऊन बसला हुता? येढा हुता का सुगी हुती?” आणि मग ती हिशेबानं सांगायची. पहिल्या अध्यायात नरसू सूर्याला ‘तेजोराशी’ म्हणतो, चौथ्यात त्याच सूर्याला ‘भाजका’ म्हणतो. म्हणजे मधल्या काळात पाणी कमी झालं. पाचव्यात त्याला चंद्र भाकरीसारखा दिसतो. म्हणजे आता पीठही संपत आलं. मी यावर म्हणायचो, चंद्र म्हणजे मन, भाकरी म्हणजे माया. माणसं आदरानं मान डोलवायची आणि विचारायची, “झुंबरक्का, मंग पीठ कवा आलं?”

दाखल्यात आपलं नाव येऊ नये म्हणून श्रावणाच्या आधी पंधरा दिवस तिच्या घरी वांगी, दोडकी, ताक पोचायचं. ती सगळं ठेवून घ्यायची आणि नाव घ्यायचंच तर घ्यायची. मी एकदा सहज म्हणून शेराभर गूळ नेला. त्या वर्षी ‘रिकामा नगारा’ या ओवीला माझा दाखला आला.

आता मिठाकडे येतो. पाचव्या अध्यायात ही ओवी आहे:

पांच दिवस मीठ नसे । ताटीं चित्त न बैसे ।
दृष्टि आकाशीं वसे । नरसू म्हणे ॥

या ओवीवरून गावात पाच दिवसांचं अळणी व्रत पडलं होतं. पोथी लागली की मीठ बंद, ते थेट भंडाऱ्याच्या आमटीला चालू. नरसूनं मीठ सोडलं, दृष्टी आकाशाला लावली आणि सहाव्या दिवशी वेढा उठला. म्हणून आपणही सोडायचं. हा अर्थ सासऱ्यानं सांगितलेला, झुंबरबाई तो शब्दाला शब्द तसाच सांगायची. बाकी प्रत्येक ओवीत पोट शोधणारी ही बाई या एका ओवीला हात लावत नसे. मी सांगायचो, मीठ म्हणजे अहंकार. ती म्हणायची, “मास्तर म्हंत्यात ते बी खरं.” साऱ्या पोथीत आमचं एकमत असं या एकाच ओवीवर होतं, आणि तिथंच आम्ही दोघं खोटे होतो.

कारण व्रत कोणीच पाळत नव्हतं. माझं मीठ खडूच्या डबीत असायचं. जैनुद्दीन मीठवाला दर गुरुवारी नगरहून तट्टावर गोण्या लादून यायचा. तो एकदा देवळाच्या पायरीवर बसून मला म्हणाला, “मास्तर, तुमच्या अळनी व्रताच्या आदल्या फेरीला मला दोन गोन्या जास्ती आनाव्या लागत्यात. बाकी मी काय बोलत न्हाई.” आणि खरंच तो कधी काही बोलला नाही.

बाहत्तर सालच्या श्रावणात पावसाचा पत्ता नव्हता. विहिरी खडखडीत, रेशनला ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आणि सारं गाव सरकारी दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला. अशा वेळी माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. गावात मोठा शब्द रंगनाथआप्पांचा. पांढऱ्या मिशा, मोठं पागोटं. त्यांनी पोथीच्या आदल्या दिवशी पारावर जाहीर केलं, “पाऊस येत न्हाई, कारन व्रतात खोट हाय. औंदा कडक पाळायचं. परत्येक घरानं मिठाचं मडकं देवळात आनून ठिवायचं. कुलूप मी लावनार.”

संध्याकाळपर्यंत देवळाच्या कोठीत त्रेसष्ट मडकी जमली. कुणाचंच मडकं फारसं भरलेलं नव्हतं, पण ते कुणी बोललं नाही. एवढ्यात छबूबाईनं एक बारीक प्रश्न टाकला. “आप्पा, शेळ्यांस्नी मीठ चाटाया लागतंय. मुक्या जनावराला बी व्रत हाय का?”

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. स्वतःच्या गोठ्यात सहा शेळ्या. म्हणाले, “मुक्या जनावराला व्रत न्हाई.”

त्या संध्याकाळी बोरठाणात शेळीवर जे प्रेम उतू गेलं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्यांच्याकडे शेळी नव्हती त्यांनी पाहुण्याकडून उसनी आणली. एका घरात तर बोकड आणून त्याला ‘ही आमची शेळी’ म्हणून सांगत होते. मीही एक आणून शाळेत बांधली. तिनं दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा राहात्यापासून खाली खात आणला आणि नगर शहर गिळून ती थांबली. तिच्यापुढं मी रोज खडा मीठ ठेवत होतो. ती बिचारी नकाशा खात होती, मीठ मी खात होतो.

असं सगळं गाव शेळीच्या नावानं तगलं होतं. एकटा भीमा सोडून.

भीमाला खोटं करता येतं हेच ठाऊक नव्हतं. आई गादीवर बसून सांगते ते खरं, हे त्याला लहानपणापासून माहीत. तो रोज सकाळी घरच्या चार शेळ्यांना आपल्या हातावर मीठ चाटवायचा आणि मग हात राखेनं घासून धुवायचा, चुकून तोंडाला लागू नये म्हणून. मग अळणी मिलोची भाकरी खाऊन दिवसभर खडी फोडायचा. घण त्याचा सगळ्यात मोठा, ढीग त्याचा सगळ्यात उंच. दर वर्षी पोथीला पाऊस असायचा, सावली असायची, काम बेताचं असायचं. त्यामुळं निभलं होतं. या वर्षी डोक्यावर नरसूचा तो भाजका सूर्य होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भीमाच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग मांड्यांत आले. मग घण एकीकडे आणि भीमा एकीकडे असा तो खडीच्या ढिगावर आडवा झाला. त्याला सावलीत न्यायला सहा माणसं लागली. मुकादमानं दवाखान्यातून कंपाउंडर बोलावला. तो सायकलवरून घामाघूम होऊन आला, भीमाच्या पापण्या उलटून बघितल्या आणि म्हणाला, “घामातनं अंगातलं मीठ गेलंय. पाण्यात मीठ-साखर घालून पाजा, घोट घोट. संध्याकाळपर्यंत उभा राहील. नाही पाजलं तर मी जबाबदार नाही.”

“वरत हाय,” कुणीतरी म्हणालं. “पाच दिस मीठ न्हाई.”

“सगळ्यांचंच?”

“व्हय, सगळ्यांचंच.”

कंपाउंडरनं रस्त्यावरच्या शंभरेक माणसांकडे पाहिलं. “मग हा एकटाच कसा पडला?”

शंभर माणसं आकाशाकडे बघायला लागली. मी पण.

झुंबरबाई धावत आली. तिनं कुणालाही न विचारता पाण्यात मीठ घोळवलं आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. भीमानं दात आवळले. असा गडी दात आवळतो तेव्हा ते उघडायला दुसरा तसलाच गडी लागतो, आणि गावात दुसरा तसला नव्हता.

“पी रं माझ्या राजा.”

“साखरंचं पितो. मिठाचं न्हाई.” त्याचा आवाज खोल गेला होता. “माझ्यापाई पाऊस जायाचा.”

“मी सांगते ना, पी.”

“तू आत्ता आई म्हनून बोलतीस,” भीमा म्हणाला. “गादीवर बसून सांग. पोथीतनं सांग. मंग पितो.”

झुंबरबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चार फुटांची बाई, ती अजून लहान झाली. मला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. ती उठली, पदर खोचला आणि देवळाकडं चालायला लागली. मी मागोमाग गेलो.

देवळात तिनं लाल फडकं सोडलं. पोथी पुसायचं, उन्हाला घालायचं काम वर्षानुवर्षं तीच करायची. तिनं शेवटची चार पानं बाजूला काढली.

“मास्तर, ही पानं कोरी हायेत का?”

“नाही. अक्षरं आहेत की.”

“मंग ही पांढरी कशी? बाकीच्या पानांच्या कोपऱ्याला तुमच्या बोटाचं तेल हाय, तुमच्या आदीच्याचं हाय, त्याच्या आदीच्याचं हाय. ह्या चार पानांला कुनाचंच बोट न्हाई.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं सांगायचं तर पाचव्या संध्याकाळी त्या ठिकाणी आलो की बाहेरून भंडाऱ्याच्या आमटीचा वास येतो. पाच दिवस अळणी राहिल्याचं सोंग केलेली माणसं उठून उभी राहतात. मग मी मोठ्यानं आरती सुरू करतो. माझ्या आधीच्या वाचकानंही तेच केलं असणार. साडेतीनशे वर्षांत नरसूच्या पोथीचा शेवट कुणी ऐकलाच नव्हता. मी मास्तर म्हणवणारा, पण घरी नेऊन सुद्धा कधी वाचला नव्हता.

मी वाचला. मनातल्या मनात. आणि पोथी मिटली.

“काय हाय?”

“हे वाचू नये, झुंबरबाई. हे वाचलं तर तुमची गादी जाईल. माझाही पाट जाईल.”

ती घोंगडीच्या घडीवर हात फिरवत राहिली. “गादी मला लई आवडती, मास्तर,” ती म्हणाली. “हितं बसले की आप्पाबी माझं ऐकत्यात. खाली उतरले की मी शेरडांवाली झुंबरी. पर ज्याच्यापाई हे सांगायचं त्योच आडवा पडलाय. वाचायचंच.”

दिवस मावळायच्या आत देऊळ भरलं. भीमाला बाजेवर घालून आणलं होतं. आप्पा उठून उभे राहिले.

“तिसऱ्या दिशी शेवटची पानं? ही रीत न्हाई.”

“रीत तुमच्या आमटीच्या वासानं पडलीय, आप्पा. बसा.” गादीवरून ती असं बोलू शकायची. “आदी ती मिठाची ओवी वाचा, मास्तर.”

मी वाचली. ती बोलायला लागली.

“ह्या ओवीचा मी आजवर खोटा अर्थ सांगितला. आज खरा सांगते. गढीला येढा पडलेला. पीठ मोजून, पानी मोजून, आन् मीठ संपलेलं. नरसूनं मीठ सोडलं न्हाई, मिठानं नरसूला सोडलं. ताटावर ध्यान बसंना, कारन ताट बेचव हुतं. आन् आकाशाकडं का बघत हुता? आपुन पोराला काढा पाजतो तवा पोर काय करतंय? वर बघून गिळतंय. त्यो वर बघून भाकर गिळत हुता. वरत कुटं हाय ह्यात? मास्तर म्हंत्यात मीठ म्हंजी अहंकार. भुकेल्या मान्साचं मीठ म्हंजी मीठ. आता म्होरं वाचा.”

मी शेवटची पानं उघडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ओवीला एकही जांभई आली नाही.

साहवे दिवशीं वेढा उठला । जो तो मीठ शोधूं लागला ।
हंडा हंडा उपडा केला । नरसू म्हणे ॥

नाइकाचे उशाखालीं । मिठाची थैली सांपडली ।
आम्हां अळणी भाकर वाढली । नरसू म्हणे ॥

जो दुज्यासि अळणी वाढी । आपण चाटी मिठाची खडी ।
त्याचे जिभेस येवोत फोडी । नरसू म्हणे ॥

सगळं देऊळ तोंडं मिटून जिभेनं दात चाचपत होतं. आप्पांचा गाल आतून हलताना मी बघितला. आता कुणीतरी “आन् आज?” विचारायला हवं होतं. दंडक होता तसा. पण कुणी विचारीना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो प्रश्न आला नाही.

मग बाजेवरून आला. “आन् आज?” भीमानं विचारलं.

झुंबरबाई त्याच्याकडं बघत म्हणाली, “आज मी. माझ्या उशाखाली न्हाई, शेळ्यांच्या गव्हानीत. डाव्या कोपऱ्याला, चिपाडाखाली, फडक्यात. तू कामाला गेलास की मी खाते. औंदाच न्हाई. दर वरसाला.”

भीमाच्या डोक्यात गोष्ट उतरायला वेळ लागे, पण उतरली की पूर्ण उतरे.

“गव्हानीत?”

“व्हय.”

“म्हंजी शेळ्यांला ठावं हुतं,” भीमा म्हणाला. “मलाच न्हाई?”

यावर हसावं की काय करावं ते देवळाला कळेना. झुंबरबाईला कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती ढसाढसा रडायला लागली. मग ती पाटावरून उतरली आणि खाली फरशीवर बसली. म्हणाली, “झाली माझी गादी. आता तरी पी.”

मी काय केलं ते सांगतो, कारण माझं चांगलं वागणं मोजकंच आहे. मी खिशातून खडूची डबी काढली आणि भीमाच्या बाजेपाशी उघडून ठेवली. फोडी यायच्या भीतीनं असेल, नाही म्हणत नाही. मग छबूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. कुणी चंचीतून काढलं, कुणी चिलमीच्या पिशवीतून, कुणी पोराच्या टोपड्यातून. तो बोकडवाला खालमानेनं कबूल झाला की तो बोकड आहे. शेवटी सगळ्यांच्या नजरा आप्पांवर गेल्या. आप्पांनी पागोट्याचा एक पदर उलगडला, दुसरा उलगडला, आणि तिसऱ्यातून चांगलं मूठभर खडेमीठ फरशीवर सांडलं. पायरीवरून जैनुद्दीन हळूच म्हणाला, “मी काय बोलत न्हाई.”

कुणीतरी भाकरीचं ताट आणलं आणि जो तो आपलं मीठ मोठ्या पश्चात्तापानं त्या ताटात टाकायला लागला. भाकरी दिसेनाशी झाली. भीमा आधी तांब्याभर मिठाचं पाणी प्यायला. मग सगळ्यांचा मान म्हणून त्यानं त्या ढिगाखालची भाकरी काढली, मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि वर आकाशाकडे बघून गिळला.

“आये,” तो म्हणाला, “लई खारट हाय.”

रडता रडता झुंबरबाईला हसू फुटलं. मग देवळाला फुटलं. कंपाउंडरनं सांगितल्याप्रमाणं घोट घोट पाणी चालू ठेवलं आणि दिवे लागेपर्यंत भीमा बाजेवरून उठून उभा राहिला. त्यानं फरशीवर बसलेल्या आईला दोन्ही हातांनी उचललं आणि गादीवर ठेवलं, जशी मूर्ती ठेवतात तशी.

“बस हितं. मास्तरांच्या हातात अजून एक पान हाय. नरसूनं नाइकाचं काय केलं ते मला ऐकायचंय.”

एक ओवी खरंच उरली होती. मी वाचली.

नाइक म्हणे चुकलों फार । मी म्हणे आधीं जेवण सार ।
भांडूं उद्यां पोटभर । नरसू म्हणे ॥

“आन् आज?” झुंबरबाईनंच विचारलं. गादीवरून विचारायची रीत नव्हती, पण त्या दिवशी रीत कुणी धरली नाही.

भीमानं विचार केला. “आज जेवू,” तो म्हणाला. “उद्या भांडू.”

आणि तो शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्यानं आईशी असं कडाक्याचं भांडण केलं की वेशीपर्यंत ऐकू गेलं. एकेका वर्षाचं वेगळं भांडला. मधे दोनदा पाणी प्यायला. मग आईनं दिलेली भाकरी फडक्यात बांधून घेतली, वर मिठाचा खडा मागून घेतला आणि खडी फोडायला गेला.

पाऊस? पाऊस काही पडला नाही. पडला असता तर गोष्ट बरी दिसली असती. तो पुढच्या वर्षी त्याला वाटलं तेव्हा आला.

व्रत तेव्हापासून बंद झालं आणि शेवटची चार पानं दर वर्षी वाचली जाऊ लागली. आता ती माझ्या बोटांनी चांगली काळी झाली आहेत. आणखी एक नवीन रीत पडली, ती झुंबरबाईनं पाडली. गादीवर बसली की अर्थाला हात घालायच्या आधी ती सांगायची, “आज मी ज्वारीची भाकर, पिठलं आन् कांदा खाल्लाय. मीठ हुतं. पोथीवाल्याचं पोट बघता तसं सांगनारीचंबी बघा, आन् मंग ऐका.” मग मलाही ओवीआधी सांगावं लागायचं. एका वर्षी मी वरण-भात म्हणालो तर खालून आमच्याच घरच्यांतून आवाज आला, “आन् चार लाडू.”

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. गादीवर भीमा बसतो. एका ओवीचा अर्थ सांगायला त्याला अर्धा तास लागतो, पण तो एकही शब्द खोटा सांगत नाही, म्हणून माणसं थांबतात.

तिच्याच रीतीनं मीही सांगून ठेवतो. हे लिहायला बसलो तेव्हा मी दुधी भोपळा आणि भाकरी खाल्ली होती, अळणी. रक्तदाबामुळं डॉक्टरांनी मीठ तोडलंय. घास मी वर बघून गिळतो. काल भीमा भेटायला आला, माझं ताट बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि जाताना उशाखाली काहीतरी सरकवून गेला. मी अजून बघितलेलं नाही. डबी खडूचीच आहे, हाताला कळतंय.